झोपून बघितलेली गादी

"बाई, गादी हातानं दाबून घ्यायची नसती. झोपून बघायची असती," नानासो म्हणाले.

उमाबाईंनी गादीवरचा हात मागे घेतला. साताऱ्यातल्या त्या दुकानाला पुढून नुसती काच होती. काचेपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे चहाचा गाडा आणि गाड्याभोवती उभी माणसं. आत गाद्या उचलणारे दोन हमाल, मालक नानासो आणि खरेदीला आलेलं एक गावाकडचं जोडपं. सत्तरीला आलेल्या बाईनं एवढ्या परक्या माणसांसमोर आडवं कसं व्हायचं? बरोबर कुणी असतं तर गोष्ट वेगळी. उमाबाई वाईहून एकट्याच एसटीनं आल्या होत्या.

"मला अशीच कळते," असं म्हणून त्यांनी पुन्हा तळहात दाबला, कणीक भिजली की नाही ते बघावं तसा.

"हाताला कळती. पण झोपायचंय कमरेला," नानासो म्हणाले.

कमरेचं दुखणं उन्हाळ्यापासूनचं. घरातल्या कापसाच्या गादीत गोळे झाले होते. डॉक्टरांनी फोटो काढला, वयानुसार मणके झिजलेत म्हणून सांगितलं आणि आधी गादी बदला म्हणाले. मग सांगलीहून लेकीचा, मयूरीचा, फोन आला. "आई, दिवाळीपर्यंत बघते. तुला धड झोप लागायला लागली तर ठीक. नाहीतर घराला कुलूप लाव आणि इकडे ये. मला रोज काळजी करत बसायचं नाही."

लेक मायेनंच बोलत होती. पण उमाबाई पावसाळ्यात महिनाभर सांगलीला राहून आल्या होत्या. चौथा मजला. सकाळी लेक आणि जावई कामाला गेले की दार बंद व्हायचं, ते संध्याकाळीच उघडायचं. समोरच्या घरातलीही तीच तऱ्हा. दिवसभर लिफ्ट वर-खाली जाताना ऐकायची, एवढीच सोबत. वाईचं घर रिकामं होतं खरं, यजमान चिंतामणराव गेल्यापासून तर फारच. पण तिथली शांतता निदान ओळखीची होती. ते घर चालू ठेवायचं की कुलूप लावायचं, हे आता एका गादीवर येऊन ठेपलं होतं.

"आवं बाई, लाजताय व्हय?" गावाकडच्या जोडप्यातली बाई जवळ आली. तिचं नाव साळूबाई. कोरेगावकडची. लेकीच्या लग्नात द्यायला गादी घ्यायला नवऱ्याला घेऊन आली होती. "नदीवर आंघूळ झाल्यावर आपन बायका एकमेकींस्नी लुगड्याचा आडोसा धरतो का न्हाई? तसाच धरती मी. ओ मालक, एक चादर द्या. जरा रुंद बगून द्या."

उमाबाई नको नको म्हणेपर्यंत साळूबाईनं चादर उलगडली होती. एक टोक तिनं उशांच्या मांडणीला बांधलं, दुसरं हातात उंच धरलं आणि तोंड पलीकडे फिरवलं. "व्हा आडव्या. माझ्या पाठीला डोळं न्हाईत."

उमाबाई चपला काढून आडव्या झाल्या.

चादरीपलीकडून नानासो सांगू लागले, "आता कमरेखाली हात घालून बघा, बाई. हात आरपार गेला तर गादी कडक. घालायलाच नाही आला तर मऊ. आन् कुशीवर वळून बघा. जोर न लावता वळता आलं पायजे."

पहिली गादी कडक निघाली. दुसरीत कंबर खड्ड्यात गेल्यासारखी खाली गेली. तिसरी खाली काथ्याची होती आणि वर फोमचा थर. हात अडकत अडकत गेला. उमाबाई डाव्या कुशीवर वळल्या. कळ आली नाही. उजव्या कुशीवर वळल्या.

"पडा जरा तशाच," साळूबाई म्हणाली. "लगीच उठून काय कळतंय? आवं, तुमी सांगा की, निळी घ्यायची का ही फुलाफुलांची?"

"मला काय इचारती?" हा तिचा नवरा गुंडा. "मी बांधावर बी झोपतोय."

"म्हनून तर तुमचं काय खरं न्हाई. जावयाला आवडाय पायजे."

"जावई काय फुलं तोडून देवाला वाहनार हाय व्हय?"

नानासो हसले. "पाव्हणं, वरनं चादर घातल्यावर निळी काय आन् फुलांची काय!"

"मग ह्या बाईसायबांनी मला आर्दा दिवस हुबा कशाला केलाय?"

"तुमी बसा की तिकडं. तुमास्नी कोन म्हनलं हुबं ऱ्हावा?"

उमाबाईंना हसू आलं. पंखा फिरत होता. कुणीतरी चहाचे पेले ठेवले. निळी, नाही फुलांची, नाही निळीच, असं चाललं होतं, आणि ते ऐकता ऐकता शब्द मागे पडले, नुसता आवाज उरला.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचं ऊन चहाच्या गाड्यापर्यंत सरकलं होतं. चादरीचं दुसरं टोकही आता बांधलेलं होतं आणि तिच्या कडेला साळूबाई स्टुलावर बसली होती.

"उठला व्हय? लय गाढ लागली व्हती तुमास्नी."

"अगं बाई! मला उठवायचं नाही का? तुमची खरेदी झाली?"

"मगाच झाली. निळीच घ्येतली, ह्येंचं ऐकून."

"मग गेला का नाहीत?"

"आन् तुमास्नी तसंच टाकून? आडोसा धरला म्हनल्यावर मानूस उठल्याबिगर कसं जायाचं?"

उमाबाईंनी साळूबाईचा हात हातात घेतला. मग अंबाडा सारखा करत त्या नानासोंकडे वळल्या. "हीच द्या."

"ही दाखवायची हाय, बाई. गोदामातनं सीलबंद देतो."

"नको. मी झोपले तीच द्या."

दुसऱ्या दिवशी गादी टेम्पोनं वाईला आली. मागच्या खोलीतल्या पलंगावर ती बरोबर बसली. मयूरी फोनवर हसून म्हणाली, "आई, तू दुकानात झोपलीस? खरंच?"

पण घरी झोप आली नाही. पहिल्या रात्री वाटलं, नवी आहे, सवय होईल. दुसऱ्या दिवशी उशी बदलली. नंतर चहा सोडला. कंबर अगदी गप्प होती, दुखण्याचं नाव म्हणून काढत नव्हती. डोळे मात्र उघडेच. मागच्या खोलीला परसातल्या भिंतीशिवाय कुणाचा शेजार नव्हता. आठवडा असा गेल्यावर उमाबाईंनी नानासोंना फोन लावला.

"रागावू नका हं. पण चुकून दुसरी गादी तर नाही ना आली?"

"काय बोलताय, बाई! माझ्यासमोर टेम्पोत चढवली. कंबर दुखती का?"

"कंबर नाही दुखत."

"मग गादीचं काम गादी करतीय की," नानासो म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "साळूबाई इचारत व्हत्या तुमाला. बदलून न्यायला आल्या व्हत्या. पोरीला फुलांचीच पायजे म्हनं."

फोन ठेवून उमाबाईंनी चादर बदलायला घेतली. गादीच्या कडेच्या शिवणीत काहीतरी बोटाला टोचलं. अंबाड्याची पिन. त्यांचीच, एका टोकाला वाकलेली. म्हणजे गादी तीच होती.

पिन हातात घेऊन त्या तिथंच बसून राहिल्या.

याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कितीतरी वर्षं बालवाडी चालवली होती. दुपारी खिचडी झाली की मुलांना सतरंजीवर निजवायचं. त्या आणि मदतीला येणाऱ्या ताराक्का भिंतीशी बसून मेथी निवडत हळू आवाजात बोलत राहायच्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, काहीही. मुलं झोपायची. बोलणं थांबलं की मात्र एखादं डोकं वर यायचं. त्यात तानाजी पहिला. डोळे न उघडताच विचारायचा, "बाई, हाय का?"

"आहे रे. झोप."

की पुन्हा झोपायचा.

तो तानाजी आता रिक्षा चालवत होता आणि पुढच्या खिडकीखालीच त्यांचा रिक्षा थांबा होता. बालवाडीच्या दिवसांत त्या थांब्यावरच्या माणसांना उमाबाईंनी किती वेळा दटावलं होतं, हळू बोला म्हणून. बालवाडी बंद झाली तशी पुढची खोलीही बंदच राहिली.

उमाबाईंनी दार उघडून तानाजीला हाक मारली. तो आणि आणखी एकजण आले, पलंग आणि गादी पुढच्या खोलीत आणून ठेवली.

"बाई, मागं बरं व्हतं की. हितं आमचा दंगा असतोय," तानाजी म्हणाला.

"असू दे रे."

ते गेले. उमाबाईंनी खोली झाडली, चादर घातली आणि रात्री आडव्या झाल्या. कान खिडकीकडे लावले. बाहेर शांत होतं. बराच वेळ झाला तरी शांतच. त्यांनी उठून खिडकी उघडली. रिक्षा तिथं नव्हत्या. पार कोपऱ्यावर, पिंपळाजवळ जाऊन उभ्या होत्या, आणि सगळे खाली मान घालून मोबाइल बघत बसले होते.

"तानाजी! तिकडे का गेलात?"

तो पळत आला. "तुमी झोपताय म्हनून, बाई. सगळ्यास्नी दम दिलाय मी. आवाज येनार न्हाई."

उमाबाईंनी गज धरले. आयुष्यभर त्यांनी ज्यांना गप्प बसवलं, त्यांच्याकडेच आता मागायचं होतं.

"रिक्षा इथंच लावा," त्या म्हणाल्या. "आणि बोला रे. रोज बोलता तसं बोला."

"आँ? तुमास्नी झोपायचं न्हवं?"

"झोपायचंय म्हणूनच सांगते."

तानाजीनं वळून कोपऱ्याकडे हात केला. रिक्षा एकेक करून परत आल्या. सुरुवातीला कुणाला काही सुचेना. एकजण उगाच खोकला. मग टायरवरून कुणीतरी कुणाची खोडी काढली, दुसरा उसळला, आणि पुण्याची गाडी आज उशिरा आहे यावर तिसऱ्यानं पैज लावली.

उमाबाई कुशीवर वळल्या. पुण्याची शेवटची गाडी गेली की ही माणसंही आपापल्या घरी जाणार होती. मध्येच बोलणं थांबलं. त्यांचे डोळे उघडले.

"तानाजी," त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "आहेस का रे?"

"हाय की, बाई," खिडकीखालून आवाज आला. "झोपा तुमी."