सहा वर्षे आणि एक दिवस

मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा खान्देशची फाईल सोनगीरला, महामार्गावरच्या एका चहाच्या दुकानात राहून गेली. ती न्यायला महाराष्ट्रातून कोणी आलं नाही, गुजरातमधूनही आलं नाही, आणि दुकानदाराने वर्षभर वाट पाहून देश जाहीर करून टाकला. निदान प्रशील तायडे आणि हेमराज यांच्या वहीत तरी असंच घडलं होतं.

धुळ्याच्या कॉलेजात, राज्यशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर निघालेल्या या देशाला आता बत्तीस वर्षं होत आली होती. राजधानी पारोळा, कारण हेमराज तिथला. प्रशीलचं मत सोनगीरला होतं. किल्ला तिथंही आहे, शिवाय एसटी थांबते. पण तो अल्पमतात होता, म्हणजे एकटा होता.

देशाची घटना वहीच्या पुठ्ठ्यावर मावेल एवढीच. डाव्या पानावर एकाने पक्ष काढायचा, उजव्या पानावर दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तो फोडायचा. फुटल्याशिवाय पक्षाला मान्यता नाही. अखिल कापूस पक्षातून वेचणी गट असाच बाहेर पडला. तटस्थ पक्ष तर नेमकं कोणाकोणात तटस्थ राहायचं यावरूनच फुटला. फोडणाऱ्याची हकालपट्टी व्हायची ती सहा वर्षे आणि एक दिवसासाठी. तो वरचा एक दिवस मनधरणीचा. तो आधी पाळायचा: हाकलणाऱ्याने भरीत-पुरीचं जेवण द्यायचं, हाकललेल्याने पोटभर जेवून पुन्हा रुसायचं. सहा वर्षं कोणी मोजली नाहीत. एकाहत्तर पक्ष झाले, म्हणजे एकाहत्तर भरितं.

बाहत्तरावा पक्ष प्रशीलने काढला होता, बोरीकाठ स्वाभिमान आघाडी. डाव्या पानावरच्या जाहीरनाम्याचा फोटो हेमराजला पाठवून अकरा महिने झाले तरी उजवं पान कोरंच होतं. हेमराजचं पारोळ्यात खतांचं दुकान, आणि अलीकडे त्याच्या पांढऱ्या कपड्यांची संख्या वाढली होती. फोन केला की तो ‘पाहतो’ म्हणायचा. मतदारसंघातल्या माणसाला पुढारी म्हणतो तसं.

प्रशील दीपनगरच्या वसाहतीत राही, वीजकेंद्राच्या भांडार विभागात नोकरी. बायको वृषाली चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी भूमिका बंगळुरात. रविवारी तिचा बारा मिनिटं फोन येई, त्यातली दोन हवामानाची. शेजारच्या दोन क्वार्टरांना कुलपं होती. संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की त्या त्याच्याच असत. वही टेबलावर उघडी ठेवून तो जेवे. स्वतःचा पक्ष स्वतःच फोडावा असं एकदा मनात आलं, पण घटनेत तशी तरतूद नव्हती.

मग एका शनिवारी कामासाठी धुळ्याला जाताना पारोळ्याच्या वळणावर बसच्या खिडकीतून त्याला फ्लेक्स दिसला. बोरीकाठ स्वाभिमान आघाडी. संस्थापक-अध्यक्ष हेमराजभाऊ, हात जोडलेले. खाली रविवारच्या मेळाव्याचं निमंत्रण होतं.

नाव चोरलं म्हणून राग यायला हवा होता. प्रशीलला मात्र वाटलं, हेच उत्तर असणार. एवढं मोठं पत्र त्याला आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत टाकून पारोळ्याच्या मंगल कार्यालयात पोचला. दोनशे खुर्च्या होत्या, माणसं चाळीसेक. हेमराजने भाषणात जाहीरनामा वाचला, आणि तो शब्द न् शब्द वहीतला निघाला. सातव्या कलमात प्रत्येक गावाला एक रिकामा चौथरा द्यायचा होता, ज्याला जो पुतळा हवा त्याची त्याने तिथं कल्पना करावी म्हणून. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर प्रशील शेवटच्या रांगेत उभा राहिला. या पक्षाची दिशा भरकटली असून आपण आजपासून प्रशील गट स्थापन करत आहोत, असं त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. बत्तीस वर्षांत त्याने हे चाळीसेक वेळा लिहिलं असेल; बोलला पहिल्यांदाच. चार माणसं वळली. कोणीतरी त्याला पाणी आणून दिलं.

हेमराज हसेल म्हणून तो व्यासपीठाकडे बघत राहिला. हेमराज खाली आला, त्याचं कोपर धरून त्याला जनरेटरच्या बाजूला घेऊन गेला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“तुना मांगे कोन शे? खरं सांग.”

“मना मांगे कोनीबी नही, भाऊ.”

“आसं कोनी करत नही. कोनी तरी पाठाडेल शे तुले.”

प्रशीलने पिशवीतली वही अर्धी बाहेर काढून दाखवली. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, फोटो काढायचे होते, आणि हेमराज हात जोडतच तिकडे गेला. वही तशीच अर्धी बाहेर राहिली. परतीच्या बसमध्ये एरंडोलपर्यंत प्रशील उभाच होता. जागा नव्हती असं नाही.

बुधवारी जळगावच्या एका दैनिकात आतल्या पानावर चार ओळी आल्या. पक्षविरोधी कारवायांबद्दल बोरीकाठ स्वाभिमान आघाडीतून प्रशील तायडे यांची सहा वर्षांसाठी हकालपट्टी, संस्थापक-अध्यक्षांचे पत्रक. प्रशील त्या आघाडीचा सभासद कधी नव्हताच. सभासद नसलेल्या माणसाला कोण हाकलतं? खेळात हाकलतात. घाबरलेली माणसंही हाकलतात.

त्याने त्या ओळी परत वाचल्या, मग बातमीच्या खाली पाहिलं, शेजारी पाहिलं. खाली रक्तदान शिबिर होतं. वरचा ‘एक दिवस’ कुठंच नव्हता. वार्ताहराने जागेअभावी छाटला असेल. हेमराजने लिहिलाच नसेल. फोन करून विचारता आलं असतं, आणि मग खरं काय ते कळलं असतं. त्याने फोन उचलला, हेमराजच्या नावापर्यंत गेला आणि ठेवून दिला.

कात्रण कापून त्याने वहीच्या उजव्या पानावर डकवलं. पेन उघडलं, ते दोन शब्द त्याला लिहिता आले असते. पण उजवं पान समोरच्याने भरायचं, स्वतःच्या हाताने. पेन बंद करून, गोंद ओला होता तोवर त्याने कात्रण बोटाने जरा डावीकडे सरकवलं, दोन शब्द मावतील एवढं.

आणि बाजारात जाऊन भरिताचं एक मोठं वांगं स्वतःच घेऊन आला.