हाफपँट, उपकरण क्रमांक ११७

“टेबलावर नको ठेवू. मांडीवर घे, तासभर बस, आणि मग बोल. टेबलावर सगळीच यंत्रं गुणी असतात.”

मला काम शिकवणाऱ्या यान मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मी या तपासणी-प्रयोगशाळेत नवी होते. आमची कंपनी तैवानात ताओयुआनला लॅपटॉप बनवते, आणि बाजारात जाण्याआधी ते आमच्या खोलीत येतात. प्रोसेसर किती पळतो, पळून किती तापतो, आणि माणसाला रोजच्या कामात ते सोसतं का, एवढंच आम्ही बघतो. मास्तर प्रत्येक यंत्र खाकी हाफपँट घालून मांडीवर घ्यायचे. जाड पँट घातली तर यंत्राचा नाही, पँटचा निकाल लागतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होताना त्यांनी ती हाफपँट दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि माझ्याकडून शब्द घेतला की मांडीवरचा तास कधी बंद होणार नाही.

पुढे बाहेरून तपासनीस आले. चाचणीत वापरली जाणारी प्रत्येक वस्तू नोंदलेली हवी, असा त्यांचा नियम. म्हणून त्या हाफपँटला ११७ क्रमांक मिळाला. दर मार्चमध्ये कापडाची जाडी मोजून तिच्यावर हिरवी चिठ्ठी लागते. त्याच कापडाचा माझा स्कर्ट आहे, तो ११८. आमच्या खोलीत गेली सहा वर्षं एकदाही नापास न झालेल्या या दोनच वस्तू.

या जुलैत आलेलं यंत्र फारच देखणं होतं. इतकं पातळ, की आतल्या पंख्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. जाहिरातीत त्याला ‘हवेसारखं’ म्हटलं होतं, ते बहुधा आत जी नव्हती तिच्या आठवणीत. प्रोसेसर पहिली चाळीस सेकंद असा सुटायचा की बघत राहावं. चौथ्या मिनिटाला मात्र त्याची गत दोन माणसं बसवून चढावर घेतलेल्या स्कूटरसारखी व्हायची. ‘आपल्या वर्गात सर्वांत वेगवान’ हे वाक्य विक्री विभागाच्या पेईचेननं त्या चाळीस सेकंदांतूनच वेचून काढलं होतं. मुलगी हुशार आहे. हिला सोळा तासांच्या उपासातली शेवटची पाच मिनिटं दिली तर त्यातून ती मेजवानी काढेल.

उष्णतेचंही तसंच. यंत्राच्या पोटाखाली आम्ही नऊ सेन्सर चिकटवतो. चौथा नेमका प्रोसेसरखाली येत होता आणि एकावन्न अंश दाखवत होता. आमचे व्यवस्थापक झुओ साहेब येऊन त्याच्याकडे बराच वेळ प्रेमानं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चौथा सेन्सर दोन बोटं डावीकडे सरकलेला होता. उन्हात बसलेल्या पाहुण्याला आपण सावलीत बसवतो, तसा. आता तो चव्वेचाळीस दाखवू लागला. खोटं कोणीच बोललं नाही. सेन्सर जिथे होता तिथे खरोखर चव्वेचाळीसच अंश होते.

उरलं माझं एक पान. अहवालाचं शेवटचं, ‘दैनंदिन वापर’. त्यात एक ओळ आहे: मांडीवर एक तास, सुखद, सुसह्य की असह्य. खाली माझा शिक्का लागतो. तो लागल्याशिवाय यंत्र कारखान्याबाहेर पडत नाही, आणि शुक्रवारी तैपेईत त्याचा मोठा समारंभ ठरलेला. मी ११८ घालून बसले. मांडीवर घेतलं की या यंत्राची हवा आत घेणारी भोकं मांडीनंच बुजतात. एकोणिसाव्या मिनिटाला मला ते खाली ठेवावं लागलं. मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. मी ‘असह्य’वर खूण केली, शिक्का मारला नाही, आणि शेजारी लिहिलं: प्रोसेसरची वीज पंचेचाळीस वॉटवरून अठ्ठावीसवर आणली तर सुसह्य होईल, वेग थोडा उतरेल.

झुओ साहेब पान घेऊन परत आले. मागे पेईचेन.

“रुईताई, एकोणीस मिनिटं म्हणजे तास नव्हे,” ते म्हणाले. “तुम्ही चाचणी पुरीच केली नाही, मग निकाल कसा लिहिता?”

“बरोबर आहे, साहेब. ‘तपासणाऱ्या बाईला पुरी करता आली नाही’ असं लिहू?”

“तसं नको.”

“ताई, आजकाल मांडीवर कोण ठेवतं हो?” पेईचेन म्हणाली.

“तुझ्या जाहिरातीतली मुलगी कुठे बसलीय?”

“सोफ्यावर.”

“आणि यंत्र?”

“तो फोटो आहे, ताई. यंत्र बंद होतं.”

साहेबांनी खुर्ची ओढली आणि आवाज माझ्याइतका खाली आणला. मला गोंजारायचं असलं की ते असं करतात. “अठ्ठावीस वॉटवर आपण तिसऱ्या नंबरला जातो. ‘सर्वांत वेगवान’ छापून झालंय. एक पातळशी उशी घ्या ना मध्ये.”

“मग उशीचा अहवाल लिहावा लागेल.”

“रुईताई, हे बघा. मुख्य कार्यालय विचारतंय, हे पान हवंच कशाला? दुसऱ्या कुठल्या कंपनीत आहे का? या वेळी शिक्का मारलात तर मी पान वाचवतो. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पान नाही, मांडी नाही, आणि ती तुमची ११७सुद्धा भंगारात.”

रोज पहाटे मी दिवा लावून बुद्धाच्या पंचशीलाची पाच व्रतं म्हणते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. एकदाच घेऊन भागलं असतं तर बरं होतं. पण झुओ साहेब रोज येतात, म्हणून मलाही ते रोज घ्यावं लागतं. मी उद्यापर्यंत वेळ मागितला.

उद्या चांद्रमासाची सोळावी होती. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला कारखान्याच्या फाटकापाशी भूमिबाबाच्या घुमटीपुढे आम्ही टेबल मांडतो. संत्री, बिस्किटं, शेंगदाणे, उदबत्त्या. या वेळी संत्र्यांच्या मधोमध नवा लॅपटॉपही होता. बंद. साहेबांनी उदबत्ती लावली आणि लाकडी चंद्रकोरींची जोडी हातात घेतली. एक उताणी, एक पालथी पडली की बाबाचा होकार. दोन्ही पालथ्या, नकार. दोन्ही उताण्या पडल्या की बाबा हसतोय. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात. चाळीसेक माणसं मागे उभी होती.

“बाबा, यंत्र पास होईल ना?”

बाबा हसला. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला.

तोच प्रश्न किती वेळा विचारावा यालाही मर्यादा असते. पण प्रश्न बदलायला कोणाची बंदी नाही, आणि चाचणीचा निकाल आवडला नाही तर चाचणी बदलायची, ही आमच्या खोलीची जुनी सवय. साहेबांनी विचारलं, यंत्र एकंदरीत पास होईल का? नकार. वातानुकूलित खोलीत पास होईल का? हसू. पेईचेन पुढे सरकली आणि कानात शब्द सुचवू लागली, तिचं कामच ते.

“बाबा,” साहेब वाचल्यासारखे म्हणाले, “ग्राहकानं योग्य पृष्ठभागावर, योग्य काळापुरतं वापरल्यास...”

दोन्ही कोरी उताण्या पडून डुलत राहिल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ऊन छत्तीस अंशांचं, साहेबांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

“बाबा, तुम्हाला पाहिजे तरी काय?” ते ओरडले. “बाजारात जायच्या आधी मी स्वतः, इथे, तुमच्या दारात, हे मांडीवर घेऊन तासभर बसतो! चालेल?”

एक उताणी, एक पालथी. पुन्हा टाकल्या, तसंच. तिसऱ्यांदा, तसंच.

टाळ्या झाल्या. साहेबांनी घाम पुसला, कोरींना हात जोडले आणि सगळ्यांना आपल्या हातानं संत्री वाटली. “बाबानं मंजूर केलं,” ते म्हणाले. पेईचेननं तेवढ्यात कार्यालयाला कळवूनही टाकलं.

दुपारी चारला ते माझ्या टेबलापाशी आले. नवं कोरं पान, ‘सुसह्य’वर आधीच खूण, आणि सोबत शाईची डबीसुद्धा. माणूस काळजी घेतो, यात शंका नाही.

“आता तर देवाचाही होकार आहे. मारा शिक्का, रुईताई.”

“साहेब, बाबानं होकार कशाला दिला?”

“यंत्राला.”

“यंत्राला तर तो चार वेळा हसला आणि एकदा नाही म्हणाला. होकार दिला तो तुमच्या मांडीला.”

साहेब उभेच राहिले. “अहो, तो बोलण्याच्या भरात...”

“चाळीस जणांनी ऐकलंय,” मी म्हणाले. “आणि बाबानं तीनदा.”

मला त्यांना भीती घालायची नव्हती. पण एक गोष्ट सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी माल चढवायचं दार बंद पडलं तेव्हा साहेबांनी बाबाला मक्याच्या पन्नास कणसांचा नवस बोलला आणि दार चालू झाल्यावर विसरले. दार त्या महिन्यात तीनदा अडकलं, तिसऱ्यांदा साहेबांच्याच गाडीवर. तेव्हापासून साहेब मुख्य कार्यालयाला फसवतात, ग्राहकाला फसवतात, स्वतःला तर रोजच; पण फाटकाजवळून जाताना गाडीची काच खाली करून मान लववतात.

“समजा, बसलो,” ते म्हणाले. “तासभर बसलो. मग तुम्ही शिक्का माराल?”

“तुम्ही तासभर बसलात तर मी माझा चट्टा खोडून तुमचा निकाल लिहीन. तुम्ही जो सांगाल तो. तुमच्या नावानं.”

“आणि नाही बसू शकलो तर?”

“तर अठ्ठावीस वॉट. आणि पान राहतं. पुढचं यंत्र येईल तेव्हाही.”

“पेईचेनला चालणार नाही.”

“ती फोटो काढेल तेव्हा यंत्र बंदच असतं, साहेब. तिला काय फरक पडतो?”

ते हसले नाहीत. खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले. मग दाराजवळ गेले आणि खुंटीवरची हाफपँट उतरवली. चिठ्ठी उलटून तारीख वाचली. मार्चपर्यंत चालणारी होती. कपडे बदलायच्या खोलीतून ते बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले. पांढरेफटक, गुडघ्यांना उजेडाची सवय नसलेले.

“तास म्हणजे साठ मिनिटंच ना? तुमच्या तासात?”

“साठच.”

“व्हिडिओ चालू ठेवू?”

“व्हिडिओ, ऑनलाइन बैठक आणि वीसेक खिडक्या. लोक ठेवतात तसंच. चार्जर लावून. रखवालदाराच्या खोलीतून वायर पोचते.”

“भोकं मांडीकडेच का?”

“ती मांडीकडेच आहेत, साहेब. आपणच केलीत.”

त्यांनी लॅपटॉप काखेत मारला, एका हातात चार्जर, दुसऱ्यात प्लॅस्टिकचं स्टूल. आमच्या रॅकवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असतं; त्यांच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून इकडे सगळेच ते यंत्रांजवळ ठेवतात. जाता जाता त्यांनी ते उचललं, मुदत संपली नाही ना ते बघितलं आणि ११७च्या खिशात कोंबलं. कोणी बघू नये म्हणून लिफ्ट न घेता मागच्या जिन्यानं उतरले. मी शाईची डबी बंद केली आणि खिडकीशी गेले. साहेब भिंतीच्या सावलीनं भूमिबाबाच्या घुमटीकडे चालले होते.