भिंत नसलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. दचकू नका. माझ्यामागे ना घर आहे, ना भिंत. दोन तिरक्या टेकूंवर उभा असलेला, शाळेच्या नाटकातला दरवाजा मी. पण माझा तोरा राजवाड्याच्या दरवाजालाही नसेल, आणि त्याला कारण आमच्या बाई.

आधी मी एका दवाखान्याला होतो. तापानं फणफणलेली माणसं माझ्यातून आत जायची आणि डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत बाहेर पडायची. ती इमारत पाडली तेव्हा मी सरपणातच जायचा, पण गणिताच्या बाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी हातगाडी ठरवली आणि मला चौकटीसकट शाळेच्या सभागृहात आणून उभं केलं. मुख्याध्यापकांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“बाई, याला भिंत कुठंय?”

“भिंत मुलं आणतील, सर.”

सर आल्या पावली परत गेले. बाईंशी वाद घालायचा नसतो, एवढं ते शिकले होते.

बाई शिकवायच्या गणित, पण जीव सगळा नाटकात. तालमीत त्यांचा नियम एकच, माझ्या बाजूनं कोणी यायचं नाही. एकदा फौजदार झालेला मुलगा घाईत, भिंत असायला हवी तिथूनच आत घुसला. बाई शांतपणे म्हणाल्या, “डोकं फुटलं नाही ना रे? भिंतीतून आलास म्हणून विचारते.” तेव्हापासून मला वळसा घालायची कुणाची छाती झाली नाही.

नाटकातल्या मुलांमध्ये एक मुलगी होती. आवाज इतका बारीक, की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. हजेरी घेताना बाई तिच्या ओठांकडे बघून खूण करायच्या. नाटकात तिला एकच वाक्य होतं. माझ्यातून आत यायचं आणि म्हणायचं, “आई, बाबा परत आले.” तालमीत ती माझी कडी धरून बाहेरच अडून राहायची. ‘जमत नसेल तर नाव काढून घे,’ असं घरून सांगितलेलं. तिला नाव काढायचं नव्हतं. कडीवरच्या तिच्या घट्ट पकडीवरून मला ते कळायचं.

एकदा तालमीत बाई माझ्यामागे येऊन तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

“इथं बाहेर काय आहे गं?”

“काही नाही, बाई. झाडू आहे.”

“म्हणून जमत नाही. बाहेर रणरणतं ऊन आहे. वळणावर तुला बाबा दिसलेत आणि तू अनवाणी धावत आलीयेस. ते सगळं घेऊन आत ये.”

प्रयोगाच्या दिवशी नेमकी माझीच फजिती झाली. दमट हवेनं लाकूड फुगलं. चिमणीनं ढकललं, मी हलेना. पुन्हा ढकललं, तरी हलेना. विंगेतून कुणीतरी कुजबुजलं, “बाजूनं जा, बाजूनं.” बाई तिथंच होत्या. त्यांनी कुजबुजणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. मी शरमेनं अर्धा झालो. पोरीचं एकुलतं एक वाक्य, तेही मीच गिळणार होतो.

चिमणी बाजूनं गेली नाही. तिनं दोन्ही मुठींनी मला बडवलं. “आई, दार उघड. पाय पोळतायत माझे. बाबा आलेत गं, बाबा आलेत!”

तो आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत पोचला. आई झालेली मुलगी धावत आली, तिनं मला खेचून उघडलं आणि प्रेक्षकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. लोकांना वाटलं, नाटकच तसं लिहिलंय. विंगेत बाई रडत होत्या. एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

बाई आता नाहीत. शाळेला नवं सभागृह झालं आणि मी अडगळीत पडलो. परवा चिमणी मला न्यायला आली. आता तिची स्वतःची नाटकमंडळी आहे. कडीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, “गणित काही आलं नाही हं मला, बाई.”

तिच्या रंगमंचावर सुतारानं मला उभं केलं, उघडून-मिटून पाहिलं.

“ताई, कड अडकतेय. रंधा मारून देतो.”

“नको. अडकू दे.”

सुतार बघतच राहिला. मी मात्र ताठ उभा आहे. उद्यापासून नवी मुलं तालमीला येतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मी अडकलोच, तर बाजूनं येऊ नका. हाक मारा.