बारा मिनिटांची गंगा

"बोला गंगामाई की जय!"

बोरतळ्याच्या त्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. तीर्थपुरीच्या बाजाराला निघालेली माणसं परस्पर इकडे वळली होती, वडीगोद्रीहून दोन टेम्पो भरून आले होते. गर्दीच्या मधोमध शेंदूर फासलेला एक दगड आणि दगडापुढे भगव्या कफनीतले राजानंद महाराज. महाराजांनी बरोब्बर दहाच्या ठोक्याला दगडाच्या बुडाशी त्रिशूळ रोवला आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, खिचडीच ती. थोडं 'ह्रीं', थोडं 'फट्', मध्येच आरतीची एखादी ओळ, मध्येच अन्नदान करणाऱ्यांची नावं.

"पाताळाला सात दरवाजे हायेत, भक्तहो! ह्यो पयला उघडला... ह्यो दुसरा उघडला... गंगामाई निघाली रे निघाली!"

सातवा दरवाजा उघडायला बारा मिनिटं लागली. दगडाच्या बुडाशी माती ओली झाली, बुडबुडा आला आणि बोटभर जाडीची धार खळखळत वर आली. दोघी-तिघी बायांच्या अंगात आलं, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, तांबे, बाटल्या, कॅन पुढे सरसावले. गंगा आणायला भगीरथाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तप चाललं होतं म्हणतात. राजानंद महाराजांचं बारा मिनिटांत उरकत होतं.

सलग चार गुरुवार हा चमत्कार घडत होता आणि सगळ्या बोरतळ्यानं तो डोळे भरून पाहिला होता. शिवकन्येनं तेवढा पाहिला नव्हता. गुरुवारी दहा वाजता तिला काम असे.

शिवकन्या नगरपंचायतीची वॉलमन. नवरा वॉलमन होता. तो वारला आणि त्याच्या जागी ती कंत्राटावर लागली. चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती गावभर फिरे आणि ज्या वार्डाची पाळी असेल त्याचं पाणी सोडे. सकाळी सहाला टाकीत टीसीएल पावडर टाकायची, म्हणजे पाणी शुद्ध होतं. मग एकेक वॉल. गुरुवारी दहाला अकरा नंबर वार्ड.

अकरा नंबर म्हणजे गावाचं शेपूट. तिथं एका गल्लीत अजान, दुसऱ्या गल्लीत आरती आणि दोन्ही गल्ल्यांत रिकाम्या घागरी. आठवड्यातून एकदा तिथं पाणी पोचायचं, तेही करंगळीएवढं. गेले चार गुरुवार तेवढंही पोचलं नव्हतं. शिवकन्या वॉल पूर्ण उघडायची, आटे मोजून उघडायची, तरी नळ कोरडे. बाया तिला रस्त्यात गाठून शिव्या घालायच्या आणि ती खाली मान घालून ऐकायची. दुसरं करणार काय? वॉल उघडा, पाणी सोडलेलं, मग पाणी जातंय कुठं?

अकरा नंबरचं दुखणं मिटावं म्हणून एक नवी टाकी मंजूर झाली होती. त्या टाकीसाठी राखून ठेवलेली जागा म्हणजेच ही, जिथं आता गंगा प्रकटली होती. आणि पुढच्या गुरुवारी अकरा वाजता नगरपंचायतीची विशेष सभा होती. विषय क्रमांक चार : सदर जागा गंगाप्रकट संस्थानास देण्याबाबत. ठराव मांडणारे पाणीपुरवठा सभापती भागवतराव. त्या जागेला लागूनच भागवतरावांच्या दोन एकरांत प्लॉट पडलेले. पाण्याच्या टाकीशेजारी प्लॉट घ्यायला कोण धडपडतंय? देवस्थानाशेजारी मात्र उड्या पडतात.

अकरा नंबरच्या नगरसेविका महजबीन बाजी नगरपंचायतीच्या दारातच भागवतरावांना भिडल्या. शिवकन्या तिथंच हजेरीची सही करत होती.

"टाकी गेली तर माझ्या वार्डानं पाणी कुठून आणायचं, सभापती साहेब?"

"बाजी, हा आमच्या देवाचा मामला हाय. तुम्ही यात पडू नका."

"देव तुमचा, बिलकुल तुमचा. पण माझ्या वार्डाला तहान लागून राह्यली, ती कोणाच्या देवाची?"

भागवतराव हसले आणि निघून गेले. त्या हसण्याचा शिवकन्येला मनापासून संताप आला, पण कंत्राटी माणसानं संताप गिळायचा असतो, तसा तिनं तो गिळला.

घरी आली तर सासू, साळूबाई, पाय पसरून गुडघ्याला तीर्थ चोळत बसलेली. बाटली नातीची शाळेची, तीर्थ गुरुवारचं.

"घे पोरी, तू बी घे. तुला मेलीला कधी दर्शनाला यायला व्हत न्हाई."

शिवकन्येनं तळहात पुढे केला. तीर्थ तोंडाजवळ नेलं आणि थांबली. पुन्हा हुंगलं. हा वास तिच्या बोटांत तीन वर्षांपासून मुरलेला होता. भाकरी थापतानाही जात नसे.

तिनं कोनाड्यातून ओटी नावाच्या औषधाची बाटली काढली. पाण्यात टीसीएल आहे का, हे ती रोज गावातल्या नळांवर तपासायची : परीक्षानळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पावडर असेल तर पाणी पिवळं होतं. तिनं तीर्थात दोन थेंब टाकले. तीर्थ हळद कालवल्यासारखं पिवळं झालं.

"आत्याबाई, पाताळात टीसीएल कोण टाकून राह्यलं हो? ही पावडर मी टाकेल हाय. गुरुवारी सकाळी सहाला. या हातानं."

"देवाच्या पाण्यात खोट काढू नको!" साळूबाईनं बाटली पदराआड लपवली. "माझ्या गुडघ्याला गुण येऊन राह्यला."

"गुण चोळण्याचा हाय. उद्यापासून मी चोळून देते."

शिवकन्या तडक बदरोद्दीन चाचांकडे गेली. चाचा ग्रामपंचायतीच्या काळातले प्लंबर. गावाखाली कुठली पाइपलाइन कुठून वळते, याचा नकाशा कचेरीतून केव्हाच गहाळ झाला होता. चाचांच्या डोक्यातला तेवढा शाबूत होता.

"त्या जागेखालून काही लाइन जाती का, चाचा?"

"जाती म्हंजे? मीच टाकेल हाय. अकरा नंबरचीच लाइन ती. तिथं सरकारी नळ होता बेटी. बायांची रोज भांडणं, म्हून तोडला. लाइनचं तोंड मी लाकडाची गुट्टी ठोकून बंद केल्तं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. निंबाच्या झाडापासून नऊ पावलं. बराबर नऊ."

दोघं जागेवर गेले. चाचांनी निंबाच्या बुंध्याला पाठ लावली आणि पावलं मोजली. नववं पाऊल शेंदराच्या दगडापाशी पडलं.

"गुट्टी आपसे आप निघत न्हाई," चाचा म्हणाले. "कोणीतरी काढली. अन् तुझ्या वॉलापासून इथपर्यंत पाणी यायला टाइम किती लागतो, ठाव हाय? बारा मिन्ट."

शिवकन्येनं मनाशी हिशेब मांडला. म्हणजे गंगा ती स्वतःच आणत होती! तिकडे ती आटे फिरवायची आणि इकडे महाराज दरवाजे उघडायचे. अकरा नंबरच्या तोंडचं पाणी तिच्याच हातून चोरीला जात होतं, आणि शिव्याही तीच खात होती. हसावं की रडावं ते तिला कळेना. मग तिला फक्त राग आला, आणि या वेळी तिनं तो गिळला नाही.

"आत्ताच सगळ्यांना सांगू," चाचा म्हणाले.

"न्हाई चाचा. आज सांगितलं तर रातोरात गुट्टी बसवतील अन् म्हणतील, पाण्यावर शंका घेतली म्हून गंगा रुसली. पाप माझ्या अन् तुमच्या माथी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे."

बुधवारी भागवतरावांचा फोन आला. "उद्या मुख्याधिकारी मॅडम अन् सगळे मेंबर दर्शनाला येऊन राह्यले. तिथून सभेला जायचं. अकरा नंबरचा वॉल दहाला म्हंजे दहालाच उघडायचा. एक मिनिट इकडं-तिकडं न्हाई. तुझं कंत्राट हाय, ध्यानात ठेव."

महिन्यापूर्वीपर्यंतच्या तीन वर्षांत या माणसानं अकरा नंबरच्या पाण्याची एकदाही चौकशी केली नव्हती.

गुरुवारी सकाळी शिवकन्येनं तृप्ती मॅडमना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, एक अर्ज दिला : अकरा नंबरच्या लाइनला गळती असल्याचा संशय आहे, तपासणीसाठी आज दहाला वॉल उघडणार नाही. आवक-जावकच्या कारकुनाकडून शिक्का मारून पोच घेतली. दुसरी चावी चाचांच्या हातात देऊन त्यांना वॉलपाशी बसवलं. आणि पहिल्यांदाच ती गंगेच्या दर्शनाला गेली. चावी खांद्यावर तशीच.

दहा वाजले. त्रिशूळ रोवला गेला. पहिला दरवाजा उघडला, दुसरा उघडला. सातवा दरवाजा दहा वाजून बारा मिनिटांनी उघडला, पण माती कोरडीच. महाराजांनी तो पुन्हा उघडला. मग सगळे सात पहिल्यापासून उघडले. साडेदहा झाले.

"गर्दीत कोणीतरी पापी हाय!" महाराज ओरडले. कपाळावरचं भस्म घामानं ओघळून मिशीत आलं होतं. "कोण आज अंडं खाऊन आलं, त्यानं भाईर जावं!"

पंधरा-वीस माणसं मुकाट्यानं बाहेर गेली. गंगा तरी येईना.

मॅडमच्या शेजारी उभे असलेले भागवतराव गर्दीवरून नजर फिरवत होते. ती नजर लोखंडी चावीवर येऊन अडली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ए शिवकन्या! तू इथं काय करून राह्यली? वॉल कोण उघडणार?"

सगळ्या माना शिवकन्येकडे वळल्या.

"कोणता वॉल, साहेब?" शिवकन्येनं मोठ्यानं विचारलं. "गंगा तर मंत्रानं येती. तिला माझा वॉल कशाला पाहिजे?"

शिवकन्या दगडापाशी आली. आवाज खणखणीत निघाला.

"महाराज, तुम्ही बसा. लई दरवाजे उघडले, थकला असाल. आता मंत्र न्हाई, त्रिशूळ न्हाई. मी फक्त फोन करते." तिनं फोन लावला. "चाचा, सोडा. महजबीन बाजी, तुम्ही घड्याळ धरा."

महजबीन बाजी मिनिटं मोजत होत्या. नऊ. दहा. अकरा. बारा म्हणता म्हणता माती ओली झाली आणि धार वर आली.

"चाचा, बंद करा."

पाच-सात मिनिटांत धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली. शिवकन्येनं आधी परीक्षानळी भरून घेतली होती. तिनं ओटीचे थेंब टाकून ती वर धरली. पिवळीधमक.

"ही तुमची पाताळगंगा. टाकीतून आलेली, पावडर टाकलेली."

"दगडाखाली खोदून बघा," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात चार-पाच जण आडवे झाले. "देवाच्या दगडाला हात लावाल तर याद राखा! धर्माचा अपमान हाय ह्यो!" कुणी महजबीन बाजींकडे बोट दाखवून काही बोलूही लागला. वारं फिरतंय असं शिवकन्येला वाटलं. इतक्यात गर्दीतून लंगडत लंगडत साळूबाई पुढे आली.

"सरका रे! तिचा हात न्हाई, बाजीचा न्हाई, माझा हात लागू द्या. चार गुरुवार मी नाक घासेल हाय इथं. मला बघायचा हक हाय."

म्हातारीला कोण अडवणार? तिनं दगडाला नमस्कार केला, दोन्ही हातांनी तो बाजूला सारला आणि बोटांनी माती उकरली. वीतभर खाली काळी प्लास्टिकची नळी निघाली, तिच्या बुडाला नवाकोरा क्लॅम्प, आणि बाजूला मातीत पडलेली एक जुनी लाकडी गुट्टी. ट्यूबची पट्टी अजून तिला चिकटून होती.

साळूबाईनं ती गुट्टी हातात घेतली. मग महाराजांकडे वळून म्हणाली, "मेल्या, माझ्या नातीची शाळेची बाटली काढून घेऊन मी तिच्यात तुझं तीर्थ भरलं रे."

महाराज कफनी सावरत मोटारसायकलकडे निघाले होते. लोकांनी त्यांना बसवून ठेवलं, मॅडमनी पोलिसांना फोन केला. थोड्या उशिरानं सुरू झालेल्या सभेत विषय क्रमांक चार एकमतानं नामंजूर झाला. भागवतरावांचं मत त्यात नव्हतं. ते प्रकृतीच्या कारणानं सभेला आलेच नाहीत. मॅडमनी त्यांच्याविरुद्धही तक्रार नोंदवली.

त्याच दुपारी चाचांनी लाइनचं तोंड लोखंडी टोपण लावून बंद केलं. पुढच्या गुरुवारी अकरा नंबरच्या नळांना पाणी आलं. करंगळीएवढंच, पण आलं. शिवकन्या बघायला गेली तर एक म्हातारी भरलेली घागर खाली ठेवून तिच्या पायाशी वाकली.

"माय, तुझ्या हाताला देवी हाय. तूच आमची गंगा."

शिवकन्या चटका बसल्यासारखी मागे सरली.

"पाया पडू नका, आजी! माझ्या हाताला चावी हाय, देवी न्हाई. एक सोंग आत्ताच गेलं, आता मला शेंदूर फासता का? देवाला हात जोडायचे तर घरी जोडा, माझं काही म्हणणं न्हाई. पण नळाला पाणी न्हाई आलं तर त्याला देव रुसला म्हणू नका. पाइप कुठं फुटला, वॉल कोणी बंद केला, ठराव कोणी अडवला, हे विचारा. प्रत्येक गोष्टीमागं काहीतरी कारण असतं अन् बहुतेक वेळा कोणाचा तरी हात असतो. तो हात शोधा. टाकीचं काम कधी सुरू करता म्हून नगरपंचायतीला अर्ज द्या. अन् शिक्का मारून पोच घ्या."

"अन् पोच दिली न्हाई तर?" म्हातारीनं विचारलं.

"तर सगळ्या जणी मिळून तिथंच बसा," शिवकन्येनं चावी खांद्यावर टाकली. "गंगा बघायला चार गुरुवार उन्हात बसलात ना? मंग आपल्या हकाच्या पाण्यासाठी एक दिवस कचेरीत बसायला काय झालं?"