आधीचं की नंतरचं

"जरा अजून उजळ कर गं. रस्ता रंगवायचा विसरलेत की काय हे गेमवाले?"

बाबांनी हातातला छोटा कॉम्प्युटर लेकीपुढे धरला. दोन्ही अंगठ्यांनी खेळायचा. आत बस चालवायचा गेम. उभा जन्म त्यांनी बस चालवली. डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला आणि खरं स्टिअरिंग सुटलं, तेव्हा लेकीनेच हा आणून दिला होता.

ती फोटो स्टुडिओत लोकांचे चेहरे उजळून द्यायची. तीच विद्या तिने इथे लावली. मूळ गेमला हात न लावता त्याच्या चित्रावर एक थर चढवला: कडा ठळक, सावल्या फिक्या, रस्त्यावरचे पट्टे पिवळेजर्द. मग थर चालू-बंद करत गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायची, "आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं! आधीचं म्हणजे धुक्यात म्हैस!"

महिन्यामहिन्याला थर भडक होत गेला. आता तिलाच पडद्याकडे बघवत नसे. झाडं जळाल्यासारखी, आभाळ चुन्यासारखं. आज तिने पाहिलं, थराची सगळी मापं टोकाला टेकली होती; आणखी उजळायला जागाच नव्हती.

"केलंस का?"

"करते." तिने उगाच बोट फिरवलं, बटण दाबलं. "आधीचं..." परत दाबलं. "की नंतरचं?"

"हे! हे झकास. पट्टान् पट्टा दिसतोय."

तिने वाकून पाहिलं. दुसऱ्यांदा दाबलेलं बटण लागलंच नव्हतं. थर निघालेला होता. गेमचा मूळचा राखाडी रस्ता तेवढा समोर होता.

तिला रडू वगैरे आलं नाही. पुन्हा बटणाकडे गेलेलं बोट तिने मागे घेतलं.

"छान चालवताय, बाबा."

"मग! नवशिका वाटलो का तुला?"

बस केव्हाची एका भिंतीला नाक लावून उभी होती. इंजिन घुरघुरत होतं. बाबांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग अंगठे सैल सोडले.

"चला, तुझा स्टॉप आला. उतर. स्टुडिओला उशीर होईल."

तिने पिशवी खांद्याला लावली. मागे फुस्स करून बसचं दार उघडल्याचा आवाज आला. ती चपला घालून बाहेर पडली, घराची कडी ओढली.

कडी वाजल्यावरच बाबांनी बसचं दार लावलं.