रात्रीत उतरलेली हवा

नवऱ्याने ती महागडी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी म्हटलं होतं, दारात पांढरा हत्ती बांधतोयस. माझं ऐकलं तर तो नवरा कसला. गाडी साध्या स्प्रिंगवर नाही, हवेच्या फुग्यांवर तोललेली. खड्डा आला तरी मांडीवरचं बाळ जागं होणार नाही, असं विकणारा म्हणाला होता. वर्षभरातच एका सकाळी ती मागच्या डाव्या अंगाने अशी खाली बसली की उठेचना. एक फुगा गळत होता आणि त्याला हवा पुरवता पुरवता कॉम्प्रेसर जळाला होता.

वॉरंटी होती, म्हणून आम्ही निर्धास्त. पण कंपनीचं म्हणणं, गळती बऱ्याच दिवसांची आहे, समोर दिवा लागून इशारा येत असणार, तो बघूनही तुम्ही गाडी तशीच वापरलीत, खर्च तुमचा. नवऱ्याला एकदाही इशारा दिसला नव्हता, आणि तो मुळात नाकावर माशी बसू देणारा नाही. रोज फोन, रोज भांडण. जेवतानाही तोच विषय. वॉरंटी हा शब्द ऐकला की माझं डोकं उठायचं.

शेवटी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने समोरासमोर बोलायला बोलावलं. सासरेही आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, गाडीचं काही निघालं की त्यांना घरात राहवत नाही. केबिनच्या काचेतून आमची गाडी लिफ्टवर टांगलेली दिसत होती. मॅनेजर वैतागलेला होता, पण माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, घरातल्या कुणीच इशारा पाहिला नव्हता एवढं तुम्ही सांगा, पुढचं मी बघतो.

नवरा हो म्हणणार तोच सासरे म्हणाले, "मी पाहिलाय. रोज."

"बाबा, काय बोलताय?"

"सकाळी तू आंघोळीला गेलास की मी गाडी चालू करून ठेवायचो. खाली बसलेली असायची, पिवळा दिवा लागायचा. हवा भरली की उठायची, दिवाही जायचा. त्यात सांगण्यासारखं काय? आमच्या बसची हवा रात्रीत उतरायचीच. ती भरल्याशिवाय ब्रेक सुटायचे नाहीत. प्रवासी चढायच्या आत गाडी तयार ठेवायची, हे ड्रायव्हरचं काम."

हातातोंडाशी आलेला घास गेला. मॅनेजरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, पण सासऱ्यांनी त्याच्याकडे वळून सगळं पुन्हा खणखणीत सांगितलं. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. त्या रागाखाली कुठेतरी अभिमानही वाटत होता, त्याचा तर जास्तच राग आला.

नवरा भडकणार म्हणून मी त्याचा हात धरला. सासरे उठायला लागले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठले, थांबले, मग टेबल धरून पाय झटकत उभे राहिले. काही नाही, बसून गुडघा आखडतो, म्हणाले. रोज सकाळी तुम्ही उठायच्या आत अंगणात चार फेऱ्या मारल्या की मोकळा होतो.

नवरा त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिला. मॅनेजर दुरुस्तीचं काय करायचं ते विचारत होता, पण नवऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"बाबा, हे कधीपासून?"

"चालतोय की मी. त्यात सांगण्यासारखं काय?"

टॅक्सीत बसल्यावर नवऱ्याने हाडांच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला.