हाक मारून थांबते ती आई

मित्रांनो, मधे बोलू नका, नुसतं ऐका. मी एक तित्तर आहे. जुना वगैरे नाही हं, याच वर्षीचा. करंजाड्यात टॉवरच्या मागे तो मोकळा प्लॉट आहे ना, गवत, बाभळी आणि कोणीतरी आणून ओतलेलं डेब्रिज, तिथे आम्ही राहतो. आई, बाबा, दोन बहिणी आणि मी. रंग सुक्या गवतासारखा, म्हणून दिसत नाही. पूर्वी माणसं आमच्यासाठी बंदुका घेऊन यायची म्हणे. आता शिकारीला बंदी आहे, आता कॅमेरे येतात.

कॅमेरा निखिलदादाचा. तो आणि अबोलीताई, दोघं खारघरच्या कॉलेजातले, सकाळी आमच्या प्लॉटच्या कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसतात. एकदा फोटोखाली नाव टाकताना त्यांची जुंपली. तो म्हणे तितर. ती म्हणे तित्तर, मधला त जोडलेला. त्याने हिंदीतला तीतर दाखवला, तिने संस्कृतातला तित्तिर काढला. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "आपण कशाला भांडतोय? त्यालाच विचार ना. रोज सकाळी ओरडून तेच तर सांगत असतो."

आणि खरंच, आमचं बारसं कोणी केलंच नाही. आम्ही ओरडतो क-तित्तर, क-तित्तर, ते माणसांनी ऐकलं आणि लिहून टाकलं. लिहिताना ज्याचा त्याचा कान.

मग निखिलदादा म्हणाला, तितर-बितर म्हणजे पांगापांग, यांची फॅमिली म्हणजे सगळा गोंधळच. मला असला राग आला! आम्ही पांगतो ते मुद्दाम. कुत्रा आला की सगळे एकदम फर्रकन पाच दिशांना, म्हणजे त्याला कळतच नाही कोणामागे धावायचं. पण पुढचं कोणी सांगत नाही. धोका टळला की आई नाव घेते. नाव घेते आणि थांबते, उत्तर ऐकायला. मग आम्ही परत एकत्र. आमचं नाव त्यासाठी आहे.

तर त्या दिवशी कुत्रा आला. आम्ही उडालो. मी डेब्रिजच्या मागे पडलो, एकटा. आणि हाक आली. कंपाउंडकडून. मी धावलो. परत हाक, परत, परत. मला वाटलं, आई आज एवढी घाईत का? श्वासच घेत नाही. तरी धावलो. आईच ती, नाही कसं म्हणणार?

गवत संपलं आणि दिसलं. कंपाउंडवर फोन ठेवलेला, आतून आमचं नाव वाजतंय, मागे निखिलदादा डोळ्याला कॅमेरा लावून. आणि मधे, कोणीतरी टाकलेल्या मोठ्या पाइपाच्या सावलीत, तोच कुत्रा.

"निखिल, बंद कर ते," अबोलीताई म्हणाली.

"एकच शॉट, यार."

"ते पिल्लू आपल्याकडे येतंय, निखिल. आईकडे नाही."

त्याने कॅमेरा खाली घेतला. फोन बंद झाला.

एकदम शांत. आणि लांबच्या बाभळीखालून खरी हाक आली. हाक, आणि मग थांबणं. परत हाक, परत थांबणं. आई माझ्या उत्तराची वाट बघत होती. कुत्र्याचे कान ताठ. मी बोललो तर त्याला माझी जागा कळणार. नाही बोललो तर आई मला शोधत चालत येणार, सरळ त्याच्या तोंडात.

मित्रांनो, मी तोवर स्वतःचं नाव कधी घेतलंच नव्हतं. घेतलं. कसलं नाव, नुसतं ति-ति-तर्र, फाटकं. कुत्रा वळला, धावला, आणि मी उडालो. एवढा लांब कधी उडालो नव्हतो, कुत्रा मागेच राहिला. बाभळीखाली आपटलो तर आईने आधी डोक्यावर चोच मारली, मग पंखाखाली ओढलं. थोड्या वेळात बाबा आले, बहिणी आल्या.

आता निखिलदादा येतो तेव्हा फोन खिशातच असतो. आम्ही ओरडलो की दोघं गप्प बसून ऐकतात. तुम्हीपण तसंच करा ना. फोनवर आमचं नाव वाजवू नका. आमच्यात त्या हाकेला पिल्लं धावत येतात.

पण खरं सांगा, समोर कुत्रा आणि लांब आई, तुम्ही तिथे असता तर नाव घेतलं असतं की गप्प बसला असता?